दोन्ही पारड्यांत तीच चार मूल्यं

पत्र:
मी ३४ वर्षांची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून बारा वर्षं झाली, सध्या मिरजेत एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे. मिस्टरांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, लेक दुसरीत. घरी सासूबाई आहेत, माझ्या ड्युट्या त्यांच्याच जिवावर चालतात. गेल्या वर्षी जर्मन शिकायला लागले, बी-वन पास झाले. आता एका एजन्सीतर्फे जर्मनीतल्या हॉस्पिटलचा करार हातात आलाय. तीन आठवड्यांत सही करायची आहे. पहिलं वर्षभर तरी एकटीनेच राहावं लागेल. पैसे साठले तर डोक्यावरचं कर्ज फिटेल. बरोबरच्या सिस्टर म्हणतात, विचार कसला करतेस? आई म्हणते, पोरीला सोडून कशी जाशील? मिस्टर म्हणतात, तुला वाटेल ते कर, आणि मला तेच जास्त टोचतं. एका शिबिरात ‘आपली मूल्यं ओळखा’ म्हणून यादी करून घेतली होती. मी लिहिलं: कुटुंब, सेवा, प्रामाणिकपणा, प्रगती. जायचं म्हटलं तरी ही चार लागू पडतात, राहायचं म्हटलं तरी हीच. मग यादीचा उपयोग काय? आधीच्या हॉस्पिटलात न दिलेल्या डोसवर सही करायला सांगितली, तेव्हा दोन दिवसांत नोकरी सोडली होती. तेव्हा एवढा विचार करावा लागला नाही. इथेही नाईटला आम्ही दोघी आणि पेशंट चौदा. घरी आले तरी कुणाचं काही राहिलं का, हेच डोक्यात. रविवारी लेकीला न्हायला घालून वेण्या मी घालते, बाकी सहा दिवस सासूबाई. हल्ली त्या वेण्या घालताना रडू येतं. तीन आठवडे धड झोप नाही.
– एक परिचारिका, मिरज

उत्तर:
सिस्टर, तुमची यादी चुकलेली नाही, अर्धी राहिली आहे. शिबिरात झाली ती नावांची यादी. कुटुंब, सेवा, प्रामाणिकपणा, प्रगती नको असं कोण म्हणेल? म्हणूनच ती दोन्ही पारड्यांत सारखी बसते. मूल्य या शब्दाचा साधा अर्थ किंमत. एखादी गोष्ट तुमच्यासाठी खरोखर मूल्य आहे का, हे ती सांभाळताना तुम्ही आजवर काय काय मोजलंत यावरून कळतं. तेव्हा ‘मला काय महत्त्वाचं वाटतं’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि ‘मी कशासाठी काय सोडलं’ इथून सुरुवात करा.

एक वही घ्या. गेल्या बारा वर्षांतले असे सहा प्रसंग लिहा, ज्यात तुम्ही पैसा, झोप, सोय किंवा कुणाची तरी मर्जी गमावली आणि तरीही तोच निर्णय घेतला. प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहायच्या: काय गेलं आणि काय राखलं. सहाच्या आत थांबू नका. पहिले दोन-तीन प्रसंग आपल्याला पाठ असलेले, चारचौघांत सांगून झालेले असतात. खरी माहिती चौथ्या-पाचव्यात सापडते. मग उलट बाजूचे तीन प्रसंग लिहा, जिथे तुम्ही गप्प बसलात आणि ते अजून सलतं. सल राहतो तिथे कुठलं तरी मूल्य दुखावलेलं असतं.

एक प्रसंग तुम्ही पत्रातच दिला आहे. न दिलेल्या डोसवर सही करायची नाही म्हणून दोन दिवसांत नोकरी सोडलीत. तिथे तुमचा पगार गेला आणि सहीची किंमत राहिली. याला नुसता ‘प्रामाणिकपणा’ म्हणणं फार ढोबळ होईल. ‘माझ्या हातून होणारं काम पुरतं आणि खरं व्हावं’ असं काहीसं ते आहे. पत्रात पैशाचा उल्लेख एकदाच येतो, तोही कर्जापुरता. चौदा पेशंट, दोघीजणी, काही राहिलं तर नाही ना ही धास्ती, हे मात्र तुम्ही तपशिलात सांगता. तुम्हाला मिरजेतून बाहेर काढू पाहतंय ते जर्मनीपेक्षा हे असावं, असं पत्र वाचून वाटतं. चूक असेल तर खोडून टाका. पण खोडण्याआधी ते सहा प्रसंग लिहा.

यापुढे एक भेद नीट पाहायला हवा, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. उद्दिष्ट पुरं होतं, मूल्य पुरं होत नाही. कर्ज फेडणं हे उद्दिष्ट. शेवटचा हप्ता गेला की संपलं. घराचा भार स्वतःहून उचलणं हे मूल्य. ते आजही करता येतं आणि कर्ज फिटल्यावरही करावंच लागतं. ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे हे आज संध्याकाळी दहा मिनिटांत थोडं तरी जगता येतं का? ‘जर्मनीला जाणं’ दहा मिनिटांत होत नाही, म्हणून ते मूल्य नाही, एक वाट आहे. वाटेवर मूल्याची पाटी लावली की वाट बदलणं म्हणजे स्वतःशी बेइमानी वाटायला लागते आणि माणूस अडकतो.

म्हणून यादीतलं प्रत्येक नाव क्रियापदात आणा. ‘कुटुंब’ खोडा. त्या जागी मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही काय करत असता किंवा करायला हवं, ते लिहा. लेकीचा अभ्यास घेणं? सासूबाईंच्या औषधांकडे बघणं? मिस्टरांशी दुकानाचा हिशेब बोलणं? या तीन गोष्टी एका शब्दाखाली दडल्या होत्या. त्यातल्या काही फोनवरून होतात, काही पैशाने होतात, काहींना माणूसच समोर लागतो. वेण्या तिसऱ्या प्रकारातल्या. त्या घालताना रडू येतं याचं कारण तुमच्या हातांना आधीच माहीत आहे: ही गोष्ट व्हिडिओ कॉलवर होणार नाही.

आता क्रम लावायचा. २००१ साली न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी यासाठी ८३ चिठ्ठ्यांचा एक संच तयार केला. समुपदेशनात तो आजही वापरतात. तुम्हाला इतक्या लागणार नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या तीस चिठ्ठ्या कापा. प्रत्येकीवर एक वाक्य, क्रियापदासह: ‘स्वतःच्या कमाईवर उभं राहणं’, ‘लेकीच्या रोजच्या दिवसात असणं’, ‘नवीन शिकत राहणं’, ‘वडीलधाऱ्यांचा शब्द न मोडणं’, ‘कामात कसूर न करणं’. मनाला न पटणारीही लिहा, नाहीतर निवड होत नाही. मग तीन गठ्ठे करा: फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, फारसं नाही. पहिल्या गठ्ठ्यात दहापेक्षा जास्त चिठ्ठ्या ठेवायच्या नाहीत. दहातून पाच काढा. त्या पाचांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या की दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत एकच प्रश्न: पुढच्या तीन वर्षांत यातलं एकच सांभाळता आलं तर कोणतं? जिला जास्त वेळा होकार, ती वर. ‘आयुष्यात’ असं विचारू नका. सात वर्षांच्या मुलीची आई आणि सतरा वर्षांच्या मुलीची आई यांचा क्रम वेगळा असतो आणि तो असायलाच हवा.

हे दोनदा करा, मध्ये एक आठवडा जाऊ द्या. नाईटहून आल्यावर करू नका. थकलेलं शरीर प्रत्येक वेळी आराम आणि सुरक्षितता वर आणतं. मिस्टर शेजारी बसलेले असतानाही नको, नकळत त्यांना आवडेल असा क्रम लागतो. दोन्ही वेळी वरच्या तीनांत आलेल्या चिठ्ठ्या भरवशाच्या. एकदाच आलेली चिठ्ठी त्या दिवसाच्या मनःस्थितीची असू शकते.

वरच्या तिन्ही चिठ्ठ्या एकमेकींशी भांडताना दिसतील. त्याने घाबरू नका. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये अनेक देशांतल्या लोकांच्या अभ्यासावरून दहा मूलभूत मूल्यं एका वर्तुळात मांडली. शेजारची मूल्यं एकमेकांना साथ देतात, समोरासमोरची ओढाताण करतात. स्वतःच्या मनाने वाट निवडणं आणि काही नवं अनुभवणं एका बाजूला. सुरक्षितता, परंपरा, इतरांच्या अपेक्षेत बसणं बरोबर समोर. तसंच स्वतःचं यश एकीकडे आणि आपल्या माणसांची काळजी दुसरीकडे. तुमची तगमग म्हणजे मन कच्चं असल्याची खूण नव्हे. तुम्ही दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये उभ्या आहात. डोसवरच्या सहीच्या वेळी तुमचं एकच मूल्य पणाला होतं, समोर चूक होती, म्हणून दोन दिवस पुरले. इथे दोन्हीकडे चांगलंच आहे, म्हणून वेळ लागतोय.

चिठ्ठ्यांमध्ये आणखी एक चाळण लावा: हे माझं आहे की माझ्याकडून अपेक्षित आहे? प्रत्येक चिठ्ठीला विचारा, हे मी केलं हे कुणालाच कधी कळणार नसेल, तरी करेन का? ‘आईने पोरीला सोडून जायचं नाही’ हे वाक्य तुमच्या आईचं. त्यातली माया खरी आहे, पण वाक्य तुमचं आहे का ते तपासा. हीच नोकरी मिस्टरांना लागली असती, तर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला असता का? कदाचित नाही. यावरून आईचं म्हणणं खोटं ठरत नाही. एवढंच कळतं की त्यातला काही भाग लेकीच्या गरजेचा आहे आणि काही भाग रिवाजाचा. लेकीच्या गरजेचा भाग मनापासून तोलायचा. रिवाजाच्या भागाला किती मान द्यायचा, ते तुम्ही ठरवायचं. ‘जर्मनी म्हणजे प्रगती’ हेही तसंच बाहेरून आलेलं वाक्य आहे, तुमच्या स्टाफ रूममधून. त्यालाही तीच चाळण लावा.

इथवरचं मनाचं झालं. पण तुमच्या पत्रात मूल्यांचा पेच म्हणून जे दिसतं, त्यातला मोठा वाटा अपुऱ्या माहितीचा आहे. माहितीचे प्रश्न कितीही चिंतन केलं तरी सुटत नाहीत, ते विचारावेच लागतात. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे जर्मन भाषेची बी-टू, म्हणजे बी-वनच्या पुढची पातळी लागते आणि तुमच्या शिक्षणाची तिथल्या अभ्यासक्रमाशी तुलना होते. कमी पडेल ते पूरक प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढायचं. तोवर बहुतेकींना सहायक म्हणून काम करावं लागतं आणि पगारही त्याच श्रेणीचा मिळतो. शिवाय तिथे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हेही नर्सच्या कामात येतं. ते नातेवाईकांवर किंवा मावशींवर सोडून देता येत नाही. बारा वर्षं नर्सिंग करून आयसीयू सांभाळणाऱ्या सिस्टरला हे सुरुवातीला जड जातं. म्हणजे ज्या मूल्यासाठी तुम्ही जायचं म्हणताय, पुरतं आणि जबाबदारीचं काम, तेच पहिल्या काही महिन्यांत सर्वांत कमी मिळण्याची शक्यता आहे. हे कळल्यावरही जावंसं वाटलं, तर तो निर्णय पक्का असेल.

एजन्सीला लेखी विचारा, तोंडी उत्तर धरू नका. मान्यता मिळेपर्यंत माझं पद काय आणि हातात येणारा पगार किती? बी-टूचा खर्च कुणाचा? एका पाळीत एका नर्सकडे किती पेशंट? करार मुदतीआधी सोडला तर मला किती पैसे परत करावे लागतील? नवरा आणि मुलीला कधी बोलावता येईल? त्यासाठी पुरेसं उत्पन्न आणि राहायला पुरेशी जागा दाखवावी लागते, तेव्हा घर शोधायला हॉस्पिटल मदत करतं का? एजन्सी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेली आहे का, हे स्वतः पाहा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी इतकंच घेता येतं. त्याहून जास्त मागणी आली, किंवा प्रश्न विचारल्यावर ‘सही करा, मग सांगतो’ असं उत्तर आलं, तर मूल्यांचा विचार करायची गरजच उरत नाही.

उत्तरं आली की तक्ता करा. डावीकडे वरच्या पाच चिठ्ठ्या, वर पर्याय. प्रत्येक चौकटीत आधी कृती लिहा, मग ० ते १० गुण: या पर्यायात हे मूल्य प्रत्यक्ष किती जगता येईल? शेवटी बेरीज मात्र करू नका. बेरजेत एक मोठी कमतरता चार छोट्या फायद्यांखाली झाकली जाते. त्याऐवजी ३ किंवा त्याहून कमी गुणांच्या चौकटी लाल पेनाने गोल करा आणि विचारा, हे दुसऱ्या कोणत्या मार्गाने ५ पर्यंत नेता येईल? गुण देताना हात पुन्हा पुन्हा एखाद्या आकड्याकडे जाऊन तो बदलत असेल, तर तारीख घालून तेही टिपून ठेवा. मन आधीच कुठे कललं आहे, ते तिथे दिसतं.

एक चौकट नमुन्यादाखल करून पाहू. ‘लेकीच्या रोजच्या दिवसात असणं’, पर्याय जर्मनी. जर्मनीचं घड्याळ आपल्या मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. सकाळची पाळी तिथल्या दोनच्या सुमारास सुटली, तर मिरजेत साडेपाच किंवा साडेसहा वाजलेले असतील. लेकीचा अभ्यास, तिचं जेवण, दिवसभराच्या गप्पा हे सगळं जमतं. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात मात्र तुम्ही रात्री नऊला सुटाल आणि इथे मध्यरात्र उलटलेली असेल. तेव्हा बोलायचं तर ती शाळेतून आल्यावर, दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे तिथल्या सकाळी साडेआठ-साडेनऊला. त्यासाठी दुपारी घरी कुणीतरी फोन लावून द्यायला हवं. एवढं लिहिल्यावर गुण शून्यही येत नाहीत आणि दहाही. चार येतील, कदाचित पाच. वेण्यांची चौकट मात्र लालच राहील. त्याला उपाय नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं.

तक्त्यात पर्याय दोनच ठेवू नका. ‘जाऊ की राहू’ या प्रश्नातच अर्धी कोंडी आहे. निदान चार लिहा: आत्ता सही, भारतात बी-टू करून मग नवा करार, लेक दहा वर्षांची झाल्यावर, आणि न जाता पुण्या-मुंबईत किंवा कोल्हापुरात पेशंटचं प्रमाण बरं असलेली जागा. माझं मत विचाराल तर दुसऱ्या पर्यायाकडे नीट बघा. बी-टू हातात असेल तर तिथे सहायक म्हणून काढायचे महिने कमी होऊ शकतात, आणि गेलात नाहीत तरी शिकलेलं वाया जात नाही. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषेच्या संस्थेच्या बी-टू परीक्षेचे वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं हे चार भाग वेगवेगळे देता येतात. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, राहिला तो भाग पुन्हा देता येतो. ड्युटी सांभाळून होण्यासारखं आहे. त्यासाठी करार गेला तर चालेल का, हे तुमच्या चिठ्ठ्यांना विचारा. त्याआधी एजन्सीला आठ-दहा आठवड्यांची मुदतवाढ लेखी मागा. मागितल्याने काही बिघडत नाही.

सही करण्यापूर्वी दोन आठवड्यांची रंगीत तालीम घ्या. रजा काढून किंवा भाषेच्या क्लासच्या निमित्ताने दुसऱ्या गावी राहा आणि लेकीशी फक्त वर लिहिलेल्या वेळांनाच बोला. एक आठवडा सकाळच्या पाळीचा, एक दुपारच्या. मध्ये घरी चक्कर नाही. रोज रात्री तीन ओळी टिपा: आज लेकीचं काय चुकलं, माझं काय चुकलं, कशाने बरं वाटलं. पहिल्या तीन दिवसांवरून काही ठरवू नका. नव्या घडीला रुळायला तेवढा वेळ जातोच. आठव्या दिवसानंतरच्या नोंदी महत्त्वाच्या.

‘तुला वाटेल ते कर’ हे वाक्य तुम्हाला टोचतं, कारण त्यात मिस्टरांचं स्वतःचं काही नाही. कदाचित तुमच्या वाटेत येऊ नये म्हणून ते तसं म्हणत असतील. त्यांनाही पाच चिठ्ठ्या लिहायला सांगा, वेगळ्या बसून. मग पाऊण तास काढा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने फक्त विचारायचं, उत्तर द्यायचं नाही. त्या बैठकीत निर्णय घ्यायचा नाही, हे आधीच ठरवा.

आणि अपराधीपणाबद्दल. गेलात तरी तो येईल, राहिलात तरी आपण मागे पडलो असं वाटेल. वाईट वाटतंय म्हणजे निर्णय चुकला, असा हिशेब करू नका. विचारा, मी नेमकं काय केलं नाही? ‘आज कॉल करायचं ठरवलं होतं, केला नाही’ असं ठोस उत्तर आलं, तर ती गोष्ट करा. उत्तर नुसतंच ‘लोक म्हणतील’ असं आलं, तर ती भीती आहे, तिच्यासाठी वेळापत्रक बदलायचं नाही.

निर्णय झाला की तो कागदावर चार वाक्यांत लिहा. मी हे निवडते. हे या मूल्यांसाठी. याची किंमत अमुक, आणि ती मी अशी हलकी करेन. अमुक तारखेला पुन्हा बघेन, आणि अमुक झालं तर थांबेन. शेवटचं वाक्य गुळमुळीत ठेवू नका. ‘लेकीला त्रास झाला तर’ हे चालणार नाही. ‘सलग महिनाभर ती शाळेत जायला नको म्हणाली तर’ असं लिहा. जायचं ठरलं, तर लेकीला ‘लवकर येईन’ सांगू नका. तिच्या हाती कॅलेंडर द्या आणि कोणत्या महिन्यात येणार ते खुणा करून दाखवा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरणही चुकवू नका, परतायची वाट उघडी राहते.

तीन आठवडे झोप नाही, हे मात्र आधी बघा. झोपेविना केलेल्या निवडीवर तुम्ही वॉर्डात तरी विश्वास ठेवाल का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं. नाहीतर तुमच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना गाठा.

तुमच्या पूर्ण पत्रात आई बोलते, मिस्टर बोलतात, मैत्रिणी बोलतात. सासूबाईंचं एक वाक्यही नाही. तुम्ही गेलात तर सातही दिवसांच्या वेण्या, शाळेची तयारी, दुपारचा तो फोन, रात्रीचा ताप हे सगळं त्यांच्यावर येणार. त्यांना काय झेपेल, काय नको वाटतं, मदतीला बाई ठेवायची का, हे त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही. या रविवारी लेकीच्या वेण्या घालून झाल्या की करार आणि वही दोन्ही बाजूला ठेवा आणि सासूबाईंजवळ जाऊन बसा. आधी त्यांचं ऐका.